सुरू झाली, पण वाचली का?

२६ जुलै २०१९च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान उल्हासच्या पुरात अडकली. दुसऱ्या दिवशी हजारभर प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावं लागलं. त्याच पाण्याने बदलापूर पश्चिमेत हेंद्रेपाडा, रमेशवाडीकडच्या इमारतींची तळमजल्यावरची पार्किंगं गाठली होती. बदलापुरात उल्हासची धोक्याची पातळी १७.५० मीटर. शिवमंदिराला वळसा घालून अंबरनाथहून उल्हासनगरात शिरणाऱ्या वालधुनीचीही पावसाळ्यातली कीर्ती वेगळी नाही.

पूर ओसरला की गॅरेजवर पहिलं वाक्य ऐकू येतं ते, "एका सेल्फमध्ये सुरू झाली, काही झालेलं नाही." टर्बो पेट्रोल गाडीच्या बाबतीत मला सर्वांत जास्त भीती याच वाक्याची वाटते.

का, ते एका साध्या हिशेबात दिसतं. पोलो, व्हर्टस यांसारख्या गाड्यांत ९९९ सीसीचं तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन आलं. म्हणजे एका सिलिंडरला ३३३ सीसी. दाबाचं प्रमाण साडेदहास एक धरलं, तर पिस्टन अगदी वर आल्यावर उरणारी जागा साधारण ३५ मिलिलिटर. औषधाच्या बाटलीच्या टोपणाने मोजता येईल एवढी! हवा तेवढ्या जागेत दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. त्याहून जास्त पाणी आत आलं की पिस्टन वर जाऊ शकत नाही आणि क्रँक त्याला थांबू देत नाही. मधला कनेक्टिंग रॉड वाकतो. मेकॅनिक याला 'हायड्रो लॉक' म्हणतात. इंजिन वेगात असेल तर रॉड ब्लॉकला भोक पाडूनच बाहेर येतो. तिथे निदानाचा प्रश्नच उरत नाही.

अवघड असतो तो अर्धवट वाकलेला रॉड. गाडी सुरू होते, चालते, आयडलिंगला किंचित थरथरते. काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी हायवेवर ओव्हरटेक करताना तोच रॉड तुटतो.

म्हणून पाणी शिरल्याची शंका असेल तर स्टार्ट बटणाला हात लावायचा नाही. बॅटरी काढायची, एअर फिल्टर ओला आहे का पाहायचं, मग सगळे स्पार्क प्लग काढून इंजिन हाताने फिरवायचं. पाणी असेल तर प्लगच्या भोकांतून उडतं. टर्बो गाडीत आणखी एक गोम आहे. बऱ्याच गाड्यांत इंटरकूलर पुढच्या बंपरमागे, खाली असतो. इंजिनातलं पाणी काढलं तरी त्याच्यात आणि त्याच्या नळ्यांत ते साचून राहतं आणि पुढच्या ॲक्सिलरेटरला थेट आत ओढलं जातं. तो सोडवून रिकामा केल्याशिवाय काम झालं असं समजू नये.

यानंतर कॉम्प्रेशन टेस्ट. प्रत्येक सिलिंडरचा दाब गेजवर घ्यायचा. एकमेकांत दहा टक्क्यांच्या आसपास फरक चालतो. एखादा सिलिंडर कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा पाहायचं. दाब चढला तर रिंगांवर संशय, नाहीतर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटवर. मग लीकडाउन टेस्ट: बाहेरून हवा भरायची आणि कान लावायचा. फुसफुस सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा, कूलंटमध्ये बुडबुडे उठले तर गॅस्केट.

खरी फसगत इथे होते. रॉड वाकला असला तरी रिंगा आणि व्हॉल्व्ह शाबूत असू शकतात. मग लीकडाउन टेस्ट निर्दोष येते, कॉम्प्रेशन मात्र थोडं कमी. पिस्टन आखूड झालेल्या रॉडमुळे पूर्ण वर पोचतच नाही. या दोन आकड्यांमधली विसंगती हीच मोठी खूण. खात्रीसाठी प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा सोडतात. सिलिंडरच्या भिंतीवर पिस्टन जिथवर जायचा तिथे काजळीची रेघ असते; पिस्टन आता तिच्याखालीच थांबताना दिसला की रॉड वाकलाच. प्रत्येक पिस्टनची वरची उंची मोजली तर मिलिमीटरभराचा फरकही पुरेसा बोलका असतो. हेड न खोलता एवढं कळतं, तरी अनेक ठिकाणी ऑइल बदलून गाडी परत दिली जाते.

ऑइलही वाचावं लागतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली आणि ऑइल दुधाळ, तर पाणी आत आहे. मात्र झाकणाखाली थोडा पांढरा फेस दिसला म्हणून घाबरू नका; पावसाळ्यात घर ते स्टेशन एवढीच धावणाऱ्या गाडीत तो नुसत्या दमटपणानेही धरतो. पाणी मिसळलेल्या ऑइलचा पहिला बळी बहुधा टर्बो ठरतो. त्याचा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो, तो निव्वळ ऑइलच्या पातळ थरावर. शिट्टी वाढली, निळा धूर आला, बोटाने हलवल्यावर दांड्याला खेळ जाणवला, तर बेरिंग गेलं.

रीमॅप करून बूस्ट वाढवलेल्या गाड्यांत पुराशिवायही पिस्टनची रिंगांमधली कड तुटते. चाचण्या याच, फक्त ऑइल फिल्टर कापून त्यात धातूचे कण शोधायचे.

विम्याचं बोलायचं तर, साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत पुराचं नुकसान येतं, पण पाण्यात बंद पडलेलं इंजिन पुन्हा फिरवून झालेलं नुकसान सहसा 'परिणामी नुकसान' म्हणून नाकारलं जातं. त्यासाठी इंजिन प्रोटेक्टर हे वेगळं कवच लागतं, आणि त्यातही सेल्फ मारल्याचा पुरावा दिसला तर वाद होतो. पाण्यात उभ्या गाडीचे फोटो काढा, कंपनीला कळवा, टो करून न्या.

दिवाळीच्या सुमारास याच पट्ट्यातून टर्बो गाड्या स्वस्तात विकायला निघतात. घेणाऱ्याने सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर गाळाची रेघ आहे का पाहावं आणि तिन्ही किंवा चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशनचे आकडे समोर उभं राहून लिहून घ्यावेत. मालक नको म्हणाला, तर दुसरी गाडी बघावी.