सूर्यपुत्रीचे आप्त

१९११ सालच्या मे महिन्यात फ्रान्समधल्या ज्योतिर्विदांच्या मंडळाच्या नियतकालिकात एक लेख आला. लेखक होते बागलकोटचे व्यंकटेश बापूजी केतकर. मराठी वाचकाला केतकर माहीत असतात ते पंचांगामुळे. ‘ज्योतिर्गणित’, ‘वैजयंती’ हे त्यांचे ग्रंथ, चित्रापक्षाचा त्यांनी धरलेला आग्रह, लोकमान्यांच्या रैवतपक्षाशी त्यावरून झालेला वाद, हे सगळं आपल्याकडे बरंच चघळून झालं आहे. फ्रेंच लेखाकडे मात्र फारसं कुणी वळत नाही. त्या लेखात पेशाने शिक्षक असलेल्या या सत्तावन वर्षांच्या गृहस्थांनी नेपच्यूनच्या पलीकडे दोन ग्रह आहेत असं सांगितलं होतं आणि त्यांची नावंही ठेवून टाकली होती: ब्रह्मा आणि विष्णू.

या ग्रहांचा माग त्यांनी काढला तो गुरूच्या उपग्रहांवरून. गुरूचे चार मोठे उपग्रह गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये पाहिले. त्यांपैकी आतले तीन, आयो, युरोपा आणि गॅनिमीड, एका विलक्षण शिस्तीत फिरतात. आयोच्या चार फेऱ्या होतात तेवढ्यात युरोपाच्या दोन आणि गॅनिमीडची एक. ही शिस्त किती काटेकोर आहे ते लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने अठराव्या शतकात दाखवून दिलं. ते समजायला शाळेतली वजाबाकी पुरते. आयो दिवसाला २०३.४८९ अंश चालतो, युरोपा १०१.३७५ आणि गॅनिमीड ५०.३१८. पहिल्या दोघांतला फरक १०२.११४, पुढच्या दोघांतला ५१.०५७. पहिला फरक दुसऱ्याच्या बरोबर दुप्पट. हे तिघे गुरूच्या एकाच बाजूला एका रेषेत कधीच येत नाहीत, ते यामुळेच.

जे नातं गुरूच्या अंगणात आहे तेच सूर्याच्या परसात, म्हणजे युरेनस आणि नेपच्यूनच्या पलीकडेही असावं, असा केतकरांचा तर्क. ब्रह्मा या ग्रहाचं सूर्यापासूनचं सरासरी अंतर त्यांनी पृथ्वीच्या अंतराच्या ३८.९५ पट दिलं आणि त्याचं वर्ष आपल्या २४२.२८ वर्षांचं. या आकड्यावर तीच वजाबाकी करून पाहावी. युरेनस वर्षाला ४.२८५ अंश चालतो, नेपच्यून २.१८४, आणि केतकरांचा ब्रह्मा १.४८६. पहिला फरक २.१०१, दुसरा ०.६९८. एक दुसऱ्याच्या तिप्पट, केसभर इकडेतिकडे. गुरूच्या उपग्रहांत दोनाचं नातं, इथे तिनाचं.

१८ फेब्रुवारी १९३० रोजी अमेरिकेत, अ‍ॅरिझोनातल्या फ्लॅगस्टाफच्या वेधशाळेत क्लाइड टॉमबॉ या तरुणाला फोटोंच्या काचांवर सरकणारा एक ठिपका सापडला. तोच प्लुटो. सरासरी अंतर ३९.५ पट, वर्ष सुमारे २४८ वर्षांचं. केतकर त्या वर्षीच्या ऑगस्टात वारले, म्हणजे ही बातमी जगभर झाली तेव्हा ते हयात होते.

आता यावरून ‘प्लुटोचा शोध मराठी माणसाने आधीच लावला होता’ असे मथळे काढता येतात, आणि अधूनमधून ते निघतातही. मला ते पटत नाही. प्लुटोचा आकडा वजाबाकीत घातला तर ती तिप्पट मोडते, जेमतेम २.८७ पट उरते. ग्रह आकाशात कुठे शोधायचा, हे केतकरांनी सांगितलं नव्हतं. नुसत्या अंतरावरून आणि वर्षाच्या लांबीवरून दुर्बीण कुठे रोखायची ते कळत नाही. आणि विष्णू तर कुणालाच सापडला नाही. पण म्हणून तो सगळा खटाटोप हास्यास्पद ठरत नाही. नेपच्यूनच्या पलीकडे फेऱ्यांचं असं बांधलेलं नातं सापडतं, ही त्यांची मूळ कल्पना खरी निघाली. नेपच्यूनच्या तीन फेऱ्यांत प्लुटोच्या दोन होतात, आणि म्हणूनच दोघांच्या कक्षा नकाशावर एकमेकींना छेदत असूनही ते कधी जवळ येत नाहीत. गुणोत्तर चुकलं, जात बरोबर ओळखली. फ्लॅगस्टाफची ती वेधशाळा उभारणाऱ्या लॉवेल यांनी वर्षानुवर्षं आकडेमोड करून ज्या भारदस्त ग्रहाचं भाकीत केलं होतं, तोही तिथे नव्हताच. प्लुटोचं वस्तुमान पृथ्वीच्या चारशेव्या हिश्शाहूनही कमी भरतं. योगायोगाचा वाटा दोघांच्याही पदरात आहे. गौरव मात्र वेगळ्या मापाने वाटला गेला, एवढंच.

ब्रह्मा आणि विष्णू ही नावं टिकली नाहीत, कारण न दिसलेल्या वस्तूचं बारसं कुणी लक्षात ठेवत नाही. अकरा वर्षांच्या व्हेनेशिया बर्नी या ऑक्सफर्डच्या मुलीने सुचवलेलं प्लुटो हे नाव १९३० च्या मे महिन्यात ठरलं, आणि आपण त्याला यम म्हणू लागलो. युरेनस प्रजापती झाला होता, नेपच्यून वरुण. ग्रहांना मराठी घरात घेताना आपण हात आखडता घेतला नाही. उपग्रहांच्या बाबतीत मात्र पूर्ण उदासीनता. टायटन टायटनच राहिला, ट्रायटन ट्रायटनच. त्याचं एक कारण असं, की उपग्रहांची नावं युरोपातही उशिराच रुळली. आयो, युरोपा, गॅनिमीड, कॅलिस्टो ही नावं सायमन मारियुसने १६१४ मध्येच छापली होती, पण तीनेकशे वर्षं ज्योतिषी गुरूचा पहिला, दुसरा, तिसरा असंच लिहीत राहिले. शनीच्या सात उपग्रहांना नावं दिली ती जॉन हर्शेलने, १८४७ मध्ये. केतकरांच्या काळातही आकडेमोडीत सहसा आयो, युरोपा नसत, रोमन आकडे असत.

आज या नावांचा कारभार आंतरराष्ट्रीय खगोल संघाकडे आहे, आणि प्रत्येक घराण्याचा कुळाचार ठरलेला आहे. गुरूच्या उपग्रहांना झ्यूसच्या प्रेयसी आणि वंशज. युरेनसच्या उपग्रहांना शेक्सपिअर आणि पोप यांची पात्रं. शनीच्या बाहेरच्या लहानसहान उपग्रहांना नॉर्स, इन्युइट आणि गॉल पुराणांतली नावं. शनीच्या उपग्रहांची संख्या मार्च २०२५ मध्ये एकदम १२८ ने वाढून २७४ झाली, त्यामुळे नॉर्स राक्षसांची टंचाई भासणार हे उघड आहे. या कुळाचारात भारतीय पुराणांना जागा नाही. उपग्रहाचं नाव म्हणून तरी नाही.

पण उपग्रहांच्या अंगावर आहे, आणि ती पहिल्यांदा मिळाली आयोवर. तीही केतकरांनी हाताशी धरलेल्या त्याच नात्यामुळे. युरोपा आणि गॅनिमीड ठरावीक तालात ओढत असल्यामुळे आयोची कक्षा पूर्ण गोल होऊ शकत नाही. तो गुरूच्या कधी जवळ, कधी लांब जातो, आणि गुरूच्या ओढीने त्याचं अंग सतत दाबलं-ताणलं जातं. तार पुन्हापुन्हा वाकवली की वाकते तिथे चटका बसतो, तसा आयो आतून तापतो. मार्च १९७९ मध्ये तीन शास्त्रज्ञांनी हे गणित प्रसिद्ध केलं आणि त्याच महिन्यात व्हॉयेजर-१ च्या फोटोंवर काम करणाऱ्या लिंडा मोराबितो यांना आयोच्या कडेवर उसळलेला ज्वालामुखीचा फवारा दिसला. जिवंत ज्वालामुखी पृथ्वीबाहेर पहिल्यांदा दिसला तो असा. मग त्या मुखांना नावं द्यायची वेळ आली आणि नियम ठरला: अग्नीचे, सूर्याचे, विजेचे, लोहारकामाचे देव, जगातल्या कुठल्याही परंपरेतले. त्यातून आयोवर सूर्य आला, सवितृ आला, विवस्वान आला. आणि त्वष्टा आला, देवांचा कारागीर. नोव्हेंबर १९९९ मध्ये गॅलिलिओ यानाने या त्वष्ट्याच्या मुखातून उसळणारी लाव्ह्याची कारंजी टिपली. प्लुटोकडे निघालेलं न्यू होरायझन्स २००७ मध्ये वाटेत गुरूजवळून गेलं, तेव्हा त्वष्ट्याचा फवारा सुमारे तीनशे किलोमीटर उंच गेला होता.

इथे मला तुकईथड आठवल्याशिवाय राहत नाही. बऱ्हाणपूर जिल्ह्याच्या खकनार तालुक्यातलं हे गाव, अकोला-खंडवा मीटरगेजवरचं स्टेशन. त्या गाड्या २०१७ पासून बंद आहेत. गाव तापीच्या खोऱ्यातलं, आणि तापी म्हणजे सूर्यपुत्री. मुलताईला उगम, आषाढ शुद्ध सप्तमीला जयंती. या खोऱ्यात लहानपण गेलेल्या कुणालाही तिचं गोत्र सांगावं लागत नाही. त्वष्ट्याची मुलगी संज्ञा सूर्याला दिली. तिची मुलं यम आणि यमुना. सूर्याचं तेज सोसेना म्हणून संज्ञा आपल्या जागी छायेला ठेवून निघून गेली. छायेची मुलं शनी आणि तापी. महाभारताच्या आदिपर्वात हीच तपती संवरण राजाची राणी आणि कुरूची आई आहे.

आता हे घराणं आकाशात मोजू लागलं, तर तापीचा सावत्र आजोळकडला त्वष्टा आयोवर धुमसतो आहे. बाप तीन नावांनी त्याच उपग्रहावर. सख्खा भाऊ शनी तर खुद्द ग्रहच, आणि सावत्र भाऊ यम आपल्या मराठी पुस्तकांतला प्लुटो. सावत्र बहीण यमुना नेपच्यूनच्या ट्रायटनवर पोचली आहे. तिथल्या गोठलेल्या नायट्रोजनच्या मुलखातल्या लांबलचक भेगांना ‘जम्ना’ हे नाव आहे, इंग्रजी वळणाचं. जवळ जाऊन ट्रायटन पाहणारं यान एकच, व्हॉयेजर-२, ऑगस्ट १९८९ मधलं. त्याच फोटोंतल्या फिकट कडांच्या काळ्या डागांना ‘अकूपार’ म्हणतात, पुराणातल्या पृथ्वी पेलणाऱ्या कासवावरून, आणि एका विवराचं नाव ‘कूर्म’ आहे. केतकरांचा विष्णू नेपच्यूनच्या पलीकडे सापडला नाही. त्याचा दुसरा अवतार नेपच्यूनच्या उपग्रहावर आहे.

भावाच्या घरी, म्हणजे शनीच्या टायटनवर, सरस्वती आहे. टायटनवर द्रवरूप मिथेनचा पाऊस पडतो, त्याच्या नद्या होतात, तळी होतात. तिथल्या नद्यांना पुराणातल्या किंवा कल्पित नद्यांचीच नावं द्यायची, असा नियम. सरस्वती त्यात बसली. रोज दिसणारी, पुरात घाबरवणारी तापी बसत नाही. कच्छच्या रणाचं नाव मात्र टायटनच्या एका कोरड्या तळ्याला मिळालं, कारण तळ्यांना पृथ्वीवरच्या खऱ्या तळ्यांची नावं चालतात. नियमांचं असं असतं. शनीच्याच एन्सेलाडसवर सगळी नावं अरबी सुरस कथांतली, म्हणून तिथे बिशनगढ आहे: उडता गालिचा जिथल्या बाजारात मिळतो, ते हिंदुस्थानातलं शहर.

यातली बहुतेक नावं भारतातून कुणी मागून घेतलेली नाहीत. खगोल संघाच्या नामकरण समितीने ती जगभरच्या पुराणांच्या कोशांतून वेचली. संघाचा साधा दंडक असा, की एखाद्या खुणेबद्दल शास्त्रज्ञांना लिहायचं असेल, तरच तिला नाव द्यायचं. नाव सुचवायला मात्र कुणालाही मनाई नाही. प्रस्ताव स्वीकारणारी आणि यादी सांभाळणारी अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाची कचेरी प्लुटो सापडला त्याच फ्लॅगस्टाफमध्ये आहे. मंगळावरच्या साठ किलोमीटरहून लहान विवरांना लाखाच्या आत वस्ती असलेल्या गावांची नावं देतात. तिथे लोणार आहे. पुणंही आहे, ‘पूना’ या जुन्या स्पेलिंगने, आणि लाखाच्या नियमात ते कसं बसलं हे समितीलाच ठाऊक. तुकईथड या नियमात पुण्यापेक्षा कितीतरी चोख बसतं. एखाद्या शास्त्रज्ञाला नाव नसलेल्या विवरावर शोधनिबंध लिहायचा असला, की काम झालं.

तापीची जागा ट्रायटनवर, बहिणीशेजारी. तिथला नियम तिला अनुकूल आहे: पाण्याशी संबंधित कुठलंही नाव, फक्त ग्रीक-रोमन नको. सैबेरियातली येनिसेई त्याच नियमाने तिथे गेली. अडचण नियमाची नाही, फोटोंची आहे. व्हॉयेजरने ट्रायटनचा निम्म्याहून कमी पृष्ठभाग नीट टिपला, आणि त्यानंतर आजवर एकही यान तिकडे गेलेलं नाही.