जेपाराची पटाशी व सातासमुद्रांपलीकडचें गिऱ्हाईक

हातानें घडविलेली वस्तु परदेशीं विकली गेली म्हणजे ती घडविणाऱ्याचें दैव उघडलें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तु सुंदर असावी, दूरदेशच्या श्रीमंतास ती आवडावी, म्हणजे बाकीचें सारें आपोआप घडून येतें, असें पुष्कळांस वाटतें. ही समजूत कितपत खरी आहे हें तपासून पाहावयाचें असेल, तर इंडोनेशियांतील जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरील जेपारा या गांवाची हकीकत उद्बोधक ठरेल.

जेपारा हें सागाच्या लांकडावरील कोरकामासाठीं विख्यात आहे. तेथील नक्षीची परंपरा जुनी आहे. जवळच असलेल्या मांतिंगान येथील १५५९ सालच्या मशिदीच्या भिंतींत कोरीव दगडी तबकड्या बसविलेल्या आहेत. त्यांवरील वेलबुट्टीशीं आजचें लांकूडकाम आपलें नातें सांगतें. कारागीर जमिनीवर बसतो, निरनिराळ्या रुंदीच्या व वळणांच्या पटाशा समोर मांडतो आणि लांकडी मोगरीच्या हलक्या ठोक्यांनीं फळींतून वेल उठवूं लागतो. वेलीच्या वळणास एक पटाशी, पानाच्या मुडपलेल्या टोंकास दुसरी. भिंतीवर लावावयाच्या नक्षीदार फळ्या, आरशांच्या चौकटी, पेट्या, आडपडदे, खुर्च्या अशा नाना वस्तु या हातांतून बाहेर पडतात. कोरून झालेला माल कांचकागदानें घासून गुळगुळीत करण्याचें काम बहुधा स्त्रिया करितात.

एवढें कौशल्य असूनहि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे कारागीर दरिद्रीच होते. त्यांची ही स्थिति जिच्या डोळ्यांत सलली, ती रादेन आजेंग कार्तिनी (१८७९–१९०४) ही जेपाराच्या रीजंटची, म्हणजे डच अमदानींतील देशी जिल्हाधिकाऱ्याची, कन्या होय. तिनें व तिच्या बहिणींनीं कारागिरांना नमुने पुरविले आणि ‘पूर्व व पश्चिम’ अशा अर्थाच्या नांवाच्या एका डच संस्थेमार्फत बटाव्हिया व हॉलंड येथील मागण्या मिळवून दिल्या. छायानाट्यांतील बाहुल्यांच्या आकृति लांकडांत कोराव्या, असें तिनें सुचविलें, तेव्हां भुतेंखेतें कोपतील म्हणून कारागीर कचरले. मग तिच्या वडिलांनीं त्या कोपाची जबाबदारी स्वतःच्या माथ्यावर घेतली, असें तिच्या पत्रांत नमूद आहे.

कार्तिनीनें कारागिरांस कोरावयास शिकविलें नाहीं; तें त्यांस उत्तम येतच होतें. तिनें पुरविलें तें निराळेंच होतें. दूरच्या गिऱ्हाइकास काय हवें आहे ही माहिती, ठरलेला नमुना, आणि माल खात्रीनें वेळेवर पोंचेल असा विश्वास, या तीन गोष्टी तिनें कारागिराच्या हातीं आणून दिल्या. या ज्याच्या हातीं, त्याच्याच हातीं नफा, हा या व्यापाराचा नियम तेव्हां होता आणि आजहि आहे.

या विश्वासाची पहिली कसोटी लांकडाच्या ओलाव्यांतच लागते. महाराष्ट्रांतील घरांत पावसाळा लागला कीं दारें फुगतात आणि उन्हाळ्यांत पुन्हां सैल होतात. कारण लांकूड हवेंतील ओल शोषून घेतें व सोडतें. जावाच्या दमट हवेंत वाळलेलें लांकूड हॉलंड किंवा जर्मनींत हिवाळ्यांत ऊब दिलेल्या खोलींत जाऊन पडलें म्हणजे तें आणखी आटतें, सांधे उघडतात, नक्षीवरून चीर धांवते. म्हणून तें आधींच भट्टींत वाळवून त्यांतील पाण्याचें प्रमाण शेंकडा ८ ते १२ पर्यंत उतरवावें लागतें. ज्याच्यापाशीं भट्टी नाहीं, त्याचा माल कितीहि देखणा असला तरी दोनचार महिन्यांनीं तक्रार येते व पुढील मागणी बंद पडते.

दुसरी कसोटी बांधणीची. कच्च्या लांकडाच्या खोक्यांतून कीड परदेशीं जाऊं नये म्हणून आंतरराष्ट्रीय नियम आहे. अशा खोक्यांचें लांकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटें तापवून त्यावर ठराविक शिक्का उमटवावा लागतो. एरवीं खोकें परदेशच्या बंदरांत अडकून पडण्याची भीति असते.

तिसरी कसोटी हिशेबाची व कागदांची. माल जेपाराहून सुमारें सत्तर-ऐंशी किलोमीटरांवरील समारांग बंदरांत जातो. ‘जहाजावर चढेपर्यंत’ या बोलीनें भाव ठरला असल्यास तोंपर्यंतचा सारा खर्च व धोका विकणाऱ्याचा. पुढील भाडें व विमा घेणाऱ्याचा. आपल्या झोपडीच्या दारांतला भाव सांगणाऱ्या कारागिराच्या किंमतीवर बांधणी, वाहतूक व कागदपत्रें हीं दुसराच कोणी चढवितो, आणि नफाहि तेथेंच मुरतो. पैसे बँकेच्या हमीपत्रावर मिळावयाचे असले तर बँक नक्षी पाहत नाहीं, कागद पाहते. वर्णनांत, नगांच्या संख्येंत किंवा तारखेंत तफावत पडली कीं पैसे अडतात. आणि ते अडले म्हणजे सर्वांत शेवटीं बसलेला पटाशीवालाच सर्वांत अधिक दिवस वाट पाहतो.

मागणी वाढली म्हणजे हें सर्व आपोआप सुधारेल काय? १९९७ च्या मध्यास एका डॉलरला सुमारें २,४०० रुपिया मिळत. जून १९९८ मध्यें हा भाव १६,००० च्या घरांत गेला. परदेशीयांस जेपाराचा माल एकाएकीं अतिस्वस्त झाला आणि गिऱ्हाइकांची रीघ लागली. कांहीं काळ हातांत पैसा खेळला हें खरें. पण घरोघरीं नव्या कार्यशाळा निघाल्या, एकानें दुसऱ्याहून भाव उतरविला, आणि मे १९९८ मध्यें सुहार्तो यांची राजवट कोसळल्यावर माजलेल्या बेबंदशाहींत जावांतील सरकारी सागवनांची बेसुमार लूट झाली. जुनें, जाड सागवान दुर्मिळ झालें. आज पुष्कळसें काम शेतकऱ्यांनीं लाविलेल्या कोंवळ्या सागावर व महोगनीवर चालतें.

लुटीच्या लांकडास अटकाव करावा म्हणून लांकूड कायदेशीर असल्याचा दाखला आतां लागतो. १५ नोव्हेंबर २०१६ पासून युरोपीय संघास जाणाऱ्या लांकूडमालासाठीं इंडोनेशिया असे परवाने देऊं लागला, व अशी व्यवस्था सुरू करणारा तो पहिला देश ठरला. नियम योग्यच, परंतु दाखल्याचा खर्च मोठ्या कारखान्यास जड वाटत नाहीं, दोन पटाशीवाल्यांच्या कार्यशाळेस वाटतो. यावर उपाय म्हणून लहान कारागिरांनीं संघटना उभारली, दाखला सामायिक काढणें, प्रदर्शनांत एकत्र जाणें असे मार्ग धरले. २०१० मध्यें जेपाराच्या कोरीव सामानास भौगोलिक निर्देशाचें संरक्षणहि मिळालें. म्हणजे गांवाचें नांव हेंच मालाचें भांडवल ठरलें.

तरीहि धोका टळलेला नाहीं. कोरकामापेक्षां कारखान्यांतील ठरलेला पगार अनेक तरुणांस बरा वाटतो, आणि हात एकदां तुटला म्हणजे परंपरा पुस्तकांतून पुन्हां उभी करितां येत नाहीं. परदेशच्या दिवाणखान्यांतील फळीवर वेल फुलते, पण तिचें मूळ जेपाराच्या अंगणांत आहे. आणि त्या मुळास पाणी मिळावयाचें तें गिऱ्हाइकाच्या कौतुकानें नव्हे, तर कोरणाऱ्याच्या पदरीं पडणाऱ्या वाजवी दामानें. म्हणून पटाशीबरोबर वहीखातेंहि त्याच्या हातीं असणें, हा या व्यापारांतील दुय्यम प्रश्न नसून पहिला प्रश्न आहे.