कपाटाचे रोगण आणि हवेतील प्राणवायू

जुन्या सागवानी कपाटाला घरच्या घरी तैलरंगाचा नवा हात दिल्यानंतर दुसऱ्या दिवशी तो बोटाला चिकटेनासा झाला, म्हणजे कार्य सिद्धीस गेले, अशी गृहस्थाची जी समजूत होते, तिच्या मुळाशी ओल्या धोतरातले पाणी उडून जावे तसा रंगातला द्रव उडून जातो ही कल्पना असते; आणि टर्पेंटाइनपुरती ती खरीही आहे. मागे राहणाऱ्या जवसाच्या तेलाची तऱ्हा मात्र निराळी. ते हवेतील प्राणवायू शोषून घेते, आणि त्यामुळे लेप कठीण होऊ लागतो त्या आरंभीच्या काळात तेलाचे वजन घटण्याऐवजी वाढत असते. या तेलाच्या मेदाम्लांत द्विबंध मुबलक. त्यांच्या लगतच्या जागी प्राणवायूचा शिरकाव झाला, की एका रेणूची शृंखला दुसऱ्या रेणूच्या शृंखलेशी सांधली जाऊ लागते, आणि टर्पेंटाइनलाही दाद न देणारे एक जाळे सिद्ध होते. ही क्रिया त्वरेने व्हावी म्हणून पूर्वी जवसाचे तेल मुरदाडशिंग घालून उकळीत असत. हल्ली ती कामगिरी कोबाल्ट आणि मँगनीज यांच्या संयुगांकडे आहे. बाजारातल्या सिंथेटिक एनॅमलमध्येही तेलाच्याच शृंखला राळेला जोडलेल्या असल्याने त्याचा कायदा मूलतः हाच.

प्राणवायू वरून येत असल्याने लेपाचा पृष्ठभाग आधी आणि अंतर्भाग मागाहून कठीण होतो. एकाच हातात काम उरकण्याच्या घाईने जाड थर चढविला, तर वर साय धरते, खाली ओल राहते, आणि त्या सायीला सुरकुत्या पडतात. पातळ थर आणि दोन हातांमधला अवकाश यांविषयी जाणते रंगारी जो आग्रह धरतात, तो केवळ दस्तुराचा भाग नव्हे.

स्वयंपाकघरातल्या कपाटाची कथा याहून मौजेची आहे. दख्खनच्या पठारावर पिढ्यान्‌पिढ्या खाल्ले गेलेले करडईचे तेल हे जवसाइतके नसले तरी वाळणाऱ्या तेलांपैकीच असून रंगांच्या धंद्यातही त्याचा उपयोग होतो. फोडणीबरोबर त्याचे सूक्ष्म तुषार दारांवर बसतात आणि कालांतराने त्यांचा पिवळसर, चिकट लेप तयार होतो. गृहिणी ज्याला तेलकटपणा म्हणून घासत बसते, तो वस्तुतः कोणी न मागता चढविलेला रोगणाचा अर्धवट हात असतो! त्यावर नवा रंग लावणे म्हणजे पायाच कच्चा ठेवणे होय. धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने तो काढावा. सोडा अल्कधर्मी असल्यामुळे तेलाचा काही अंश साबणात रूपांतरित होऊन पाण्याबरोबर निघून जातो. मागाहून स्वच्छ पाण्याने पुसण्यात मात्र हयगय नसावी, कारण मागे राहिलेला सोडा नव्या तेलावरही तोच अंमल गाजवील.

जुने एनॅमल तुकतुकीत असेल तर नव्या थराला धरावयास जागा उरत नाही. ते नव्या रंगातल्या टर्पेंटाइनने विरघळणारे नसल्यामुळे दोन्ही थर एकजीव होण्याची आशा व्यर्थ असते, आणि पॉलिश पेपरने पडलेल्या बारीक ओरखड्यांवरच सारी भिस्त राहते. येथे एका धोक्याची दखल घेतलीच पाहिजे. शिशाची संयुगे एके काळी रंगांत सर्रास वापरली जात. आपल्याकडे २०१६ च्या नियमांन्वये घरगुती रंगांतले शिसे दहा लक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित झाले, आणि त्यांची अंमलबजावणी १ नोव्हेंबर २०१७ पासून सुरू झाली. त्यापूर्वीचे कपाट कोरडे घासणे म्हणजे लहान मुलांच्या मेंदूस अपायकारक अशी धूळ घरभर उधळण्याचा संभव पत्करणे होय. पाण्यात चालणारा काळा पेपर घ्यावा, पृष्ठभाग ओला ठेवून घासावे, आणि घरातल्या मुलांची रवानगी तोवर अन्यत्र करावी.

उघड्या पडलेल्या सागवानाविषयी एक जुजबी सूचना: या लाकडातले नैसर्गिक स्निग्ध घटक तैलरंगाच्या वाळण्यात अडथळा आणतात, सबब स्पिरिटमध्ये विरघळविलेल्या चपड्याचा एक हात आधी द्यावा. भेगा बुजविण्याच्या लांबीत खडूची पूड जवसाच्या तेलात मळलेली असते. हवेत शुभ्र दिसणारी ती पूड तेलात भिजताच जवळजवळ पारदर्शक होते, कारण दोहोंचे वक्रीभवनांक फारसे भिन्न नाहीत. उलट टायटॅनियम डायॉक्साइडचा अंक सुमारे २.७ आणि तेलाचा सुमारे १.५, म्हणून पांढऱ्या रंगातली झाकण्याची शक्ती त्याच्याकडून येते. ज्या इल्मेनाइटपासून तो काढतात, त्याची काळी वाळू रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही आहे.

काम संपल्यावर जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकण्याची जी चाल आहे, ती ताबडतोब मोडावी. प्राणवायूशी होणाऱ्या त्याच संयोगातून उष्णता निघते; दारावरच्या पातळ थरातून ती हवेत विरून जाते, परंतु बोळ्यात कोंडली गेली की तापमान चढत जाऊन चिंध्या काडी न लावता पेट घेऊ शकतात. त्या घराबाहेर एकेक करून पसराव्यात, किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवाव्यात.