दीक्षा मात्र सोडली नाही

मैत्रिणींनो, चर्चच्या वेदीशी बाई धर्मगुरू म्हणून उभी राहिलेली पाहिलीय कधी?

१९३१ साली हाँगकाँगच्या चर्चमध्ये प्रवचनकारांनी विचारलं, सेवेसाठी कुणी चिनी मुलगी पुढे येईल का? फ्लॉरेन्स ली तिम-ओईला ती देवाचीच हाक वाटली. पुढं महायुद्धात मकाव निर्वासितांनी भरलं, पण तिथं धर्मगुरू पोचेनात. म्हणून २५ जानेवारी १९४४ला बिशप हॉल यांनी तिलाच दीक्षा दिली. अँग्लिकन पंथातली ही पहिली स्त्री धर्मगुरू!

युद्ध संपलं आणि गहजब झाला. (गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय!) बिशपांवर गदा नको, म्हणून १९४६ मध्ये तिनं परवाना परत केला, दीक्षा मात्र सोडली नाही. नंतर साम्यवादी राजवटीत चर्चना टाळं लागलं, तिला शेतावर, कारखान्यात राबावं लागलं. पंचाहत्तरी उलटल्यावर कॅनडात ती पुन्हा धर्मगुरू म्हणून वेदीशी उभी राहिली.