चमच्यांचा हिशेब

रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी उष्ट्याच्या पिंपात कोपरापर्यंत हात घालून चमचे शोधत होते. मसालेभात, मठ्ठा आणि शिरा यांचा एकत्र जो लगदा होतो, त्यात स्टीलचा चमचा डोळ्यांना दिसत नाही, बोटांनाच लागतो. रबरी हातमोज्यातून तेही कळत नाही, म्हणून मोजे काढून ठेवले होते. शेजारच्या पिंपात आठवीतली दोन मुलं पळीनं ढवळत होती आणि खणकन आवाज आला की ओरडत होती. चमचे भाड्याचे होते. तीनशे मोजून आणले होते, तीनशे मोजून परत द्यायचे होते.

पुण्यातल्या आमच्या गल्लीतल्या मंडळाचा महाप्रसाद गणपतीच्या नवव्या दिवशी असतो. सहाएकशे माणसं जेवतात. यंदाच्या आधीची दोन वर्षं आम्ही पाच-सहा जण जेवणानंतर झाडू आणि पोती घेऊन उतरायचो. लोकांनी टाकलेलं वेगळं करायचो, बारा-साडेबारापर्यंत कंबर मोडायची, आणि सकाळी निम्मं पुन्हा एकत्र झालेलं असायचं. तेव्हा उशिरानं डोक्यात प्रकाश पडला, की कचरा त्या रात्री होतच नाही. तो पंधरा दिवस आधी, मंडळाच्या बैठकीत, वहीत होतो.

ती वही मी पाहिली आहे. सेक्रेटरी गेल्या वर्षीचं पान उघडतो आणि खाली उतरवत जातो. पत्रावळी सातशे, द्रोण चौदाशे, ग्लास पंधराशे, लाकडी चमचे सातशे, पाण्याचे खोके तीस. आकडे थोडे वाढवायचे, एवढाच बदल. देशभर १ जुलै २०२२ पासून प्लॅस्टिकच्या चमच्यांवर बंदी आली तेव्हा त्या ओळीतलं ‘प्लॅस्टिक’ खोडून ‘लाकडी’ लिहिलं होतं. ओळ तशीच राहिली. मुळात चमचा लागतो का, हे कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

यंदाच्या बैठकीत आधी वाद झाला तो पत्रावळीवर. पत्रावळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पळसाची पानं येतात, काड्यांनी टाचलेली. ती उकिरड्यावर गेली तर दोन दिवसांत शेळी संपवते, नाहीतर माती तिला खाते. पण आज दुकानदार पत्रावळ म्हणून देतो तो बहुतेक वेळा पुठ्ठा असतो, वरून चंदेरी पापुद्रा चिकटवलेला. शेळी त्याला तोंड लावत नाही, रद्दीवाला घेत नाही, आणि खताच्या खड्ड्यात टाकला तर कागद कुजून जातो आणि चांदीच्या चिंध्या उरतात. कागदी ग्लासाचंही तसंच. मी आदल्या रात्री एक ग्लास पाण्यात भिजत घातला होता. बैठकीत तो चोळला, कागदाचा लगदा सुटला आणि हातात ग्लासाच्याच आकाराची प्लॅस्टिकची पातळ कात राहिली. कात हातोहात फिरली. खजिनदार म्हणाले, “म्हणजे आपण हे पितो?” नाही, यातून पितो, असं सांगून मी पुढे गेले.

स्टीलची ताटं भाड्यानं आणायची म्हटल्यावर तीन हरकती आल्या. पैसे, पाणी, आणि घासणार कोण. पैशांचं गणित सहज बसलं, कारण पत्रावळी, द्रोण आणि ग्लास कुणी फुकट देत नाही. पाण्याची हरकत खरी आहे, तिला टोलवू नये. आम्हाला दोनशे लिटरची पाच पिंपं लागली. पुण्यात टँकर मागवणाऱ्या सोसायटीत असं काही करायचं तर मी दोनदा विचार करीन. पण ‘घासणार कोण’ ही हरकत पुढे आली की बाकीच्या दोन तिच्यासाठी उभ्या केलेल्या असतात, हे लक्षात येतं.

मी एक कागदही नेला होता. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत लिहिलं होतं, की परवाना नसलेल्या जागी शंभरांहून जास्त माणसांचा कार्यक्रम करायचा तर किमान तीन कामाचे दिवस आधी पालिकेला कळवावं, आणि कचरा जागच्या जागी वेगळा करून द्यावा, ही जबाबदारी आयोजकाची. सेक्रेटरींनी वाचलं आणि म्हणाले, “काकू, शंभर तर आमचे नुसते कार्यकर्ते असतात.” कागदाचा परिणाम शून्य. काम झालं ते त्या कातीमुळे.

यादी बदलली. ताटं, वाट्या, पेले, चमचे स्टीलचे. बाटल्यांऐवजी वीस लिटरचे जार. गल्लीतल्या लोकांनी घरून ताट आणावं असंही ठरलं. सप्ताहाच्या काल्याला पूर्वी गावागावांत माणसं आपलं ताट-तांब्या घेऊन बसायची, आणि गाडगेबाबांचं तर गाडगं हेच ताट होतं, तेच डोक्यावरची टोपीही. आमच्या गल्लीतून घरचं भांडं घेऊन चाळीसेक जण आले. त्यांतल्या निम्म्यांच्या हातात चार पुडांचे डबे होते. जेवले मंडळाच्या ताटात, डबे भरून घरी नेले. आचारी माझ्याकडे बघून हसत होता.

आता डब्यांविषयी, म्हणजे कचऱ्याच्या. याबाबतीत दोन वर्षांत आम्ही बरंच चुकत शिकलो आहोत. झाकण असलेल्या डब्याला कुणी हात लावत नाही, कचरा झाकणावर ठेवून जातात. एकटा डबा कुठं ठेवला तर त्यात सगळंच पडतं, म्हणून ओल्याचा, सुक्याचा आणि बाटल्यांचा असे तिन्ही डबे शेजारी शेजारी, आणि तेही जेवण जिथं संपतं तिथं, दिव्याखाली. अंधारातला डबा नसल्यासारखाच. ‘ओला’, ‘सुका’ या पाट्या माणसं वाचत नाहीत. यंदा पुठ्ठ्यावर खरीच केळीची साल, खरीच बाटली आणि खराच कागद तारेनं बांधून डब्यांच्या डोक्यावर टांगला. साल संध्याकाळपर्यंत काळी पडली, पण काम तिनंच जास्त केलं. आणखी एक युक्ती म्हणजे डबे रिकामे ठेवायचे नाहीत. पहिला माणूस आत डोकावतो आणि जे दिसेल त्याच जातीचं टाकतो. म्हणून ओल्याच्या डब्यात आधीच स्वयंपाकघरातली दुधीची सालं आणि कोबीची पानं पसरून ठेवली.

साडेसातला पहिली पंगत उठली. खरं तर पंगत नव्हतीच, मांडवात उभ्यानं जेवण होतं, पण तोंडात शब्द तोच बसला आहे. ताट आणून देणाऱ्याकडे मी तासभर नुसतं पाहत उभी होते. त्याचा सगळा निर्णय दोन-तीन सेकंदांत होतो. एका हातात फोन असतो, नजर ओळखीच्या माणसावर असते, आणि दुसऱ्या हातानं ताट सोडायचं असतं. त्या क्षणी समोर माणूस असेल तर तो थांबतो. म्हणून डब्यांपाशी आम्ही मुलं उभी केली होती. मोठ्या माणसानं सांगितलं तर वाद होतो. “काका, चमचा तिकडं,” असं आठवीतल्या मुलानं म्हटलं की काका मुकाट्यानं वळतात.

उष्टं ज्याचं त्यानं निपटायचं, असा नियम होता. ताट तिरकं करून हातानं पिंपात लोटायचं, मग टबात ठेवायचं. दोन अख्ख्या पुऱ्या लोटताना माणूस एकदा तरी इकडंतिकडं बघतो. एका बाईंनी त्या पुऱ्या परत उचलून पदराखाली घेतल्या. पण उष्ट्याचा दोष जेवणाऱ्यावर एकट्यावर घालता येणार नाही. आपल्याकडे वाढपी आग्रह करण्यात मोठेपणा मानतो. शिऱ्याच्या टेबलावरचे गृहस्थ ‘थोडा’ या शब्दाचा अर्थ दोन डाव असा करत होते. त्यांच्या हातातला डाव काढून लहान पळी दिली, तेव्हापासून पिंप सावकाश भरायला लागलं.

घासायला गल्लीत भांडी घासणाऱ्या दोघी जणी रोजानं सांगितल्या होत्या, आणि त्यांच्या जोडीला आम्ही. यावरही कुरबूर झाली, की देवाचं काम, पैसे कसले. आमच्यासाठी ही एका रात्रीची हौस आहे, त्यांचा तो रोजचा धंदा आहे. हौशी माणसानं फुकट राबावं, दुसऱ्याच्या पोटावर सेवेचं पांघरूण घालू नये, असं माझं मत आहे आणि ते मी बैठकीत जरा मोठ्यानं मांडलं होतं.

चार टब ओळीनं. पहिल्यात खरकटं सुटायला साधं पाणी, दुसऱ्यात साबण, तिसऱ्यात आणि चौथ्यात विसळण. तासाभरात पहिल्या टबात गोंधळ झाला. शिऱ्यातलं तूप गार पाण्यात थिजलं आणि ताटाताटांना लागलं. जे ताट आत जाताना कडेलाच तुपकट होतं, ते बाहेर येताना सगळीकडून. दोघींमधली थोरली म्हणाली, “पहिल्यालाच ऊन पाणी पायजे, काकू. शेवटी कशाला ओतताय?” आम्ही उकळतं पाणी निर्जंतुक व्हावं म्हणून शेवटच्या टबात घालत होतो. मग आचाऱ्याकडून आणखी एक पातेलं मागून पहिल्यात ओतलं आणि ओळ पुढे सरकली. तिनंच दुसरी गोष्ट दाखवली. आम्ही खणांची ताटं आणली होती, भाजी आमटीत जाऊ नये म्हणून. खणांच्या कोपऱ्यांत बटाटा दडून बसतो आणि तिथं अंगठा फिरवावाच लागतो. साध्या ताटावरून हात एकदा गोल फिरला की झालं. दोन साध्या ताटांच्या वेळात खणांचं एक होतं. कोपऱ्यांपायी शेवटची ताटं विसळायला साडेदहा वाजले.

आणि मग बाटल्या. आम्ही एकही मागवली नव्हती. आठच्या सुमारास टेम्पो आला आणि एका हितचिंतकाकडून दोनशे मिलिलिटरच्या बाटल्यांचे वीस खोके उतरले. प्रत्येक बाटलीवर त्यांचा हसरा फोटो. नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती, माझीही झाली नाही. छोटी बाटली माणूस दोन घोट पितो आणि टेबलावर ठेवून देतो, मग आपली कुठली ते विसरून दुसरी फोडतो. त्या शेकडो बाटल्यांतलं उरलेलं पाणी एकेक करून बादलीत ओतणं हे त्या रात्रीचं सगळ्यात कंटाळवाणं काम होतं. ओतलेल्या पाण्यानं मांडवापुढचा रस्ता धुतला. जारांतलं पाणी निम्मं तसंच राहिलं.

आवराआवर झाली तेव्हा तेलाचे डबे आचाऱ्यानं ठरल्याप्रमाणे आपल्या टेम्पोत टाकले, बारदान आम्ही घडी करून ठेवलं. ओल्याला सोसायटीच्या मागच्या खताच्या हौदात जागा केली होती. शिजवलेलं, तेलकट अन्न एकटं टाकलं की दोन दिवसांत सगळी इमारत नाकाला रुमाल लावते, म्हणून रसवंतीवरून उसाच्या चोथ्याची सहा पोती आणून ठेवली होती. एक थर अन्नाचा, दोन थर चोथ्याचे. पाणी चोथा पितो आणि हवा खेळती राहते, ढीग आतून तापतो. चौथ्या दिवशी फावड्यानं उकरला तेव्हा वाफ निघत होती. हार आणि फुलं मात्र तशीच टाकता येत नाहीत. दोरा हल्ली सुती नसतो, तो कात्रीनं कापून ओढून काढावा लागतो, नाहीतर पुढे खत चाळताना फावड्याला गुंडाळ्या बसतात.

चमचे दोनशे सत्त्याण्णव भरले. तीन कमी. पिंपं पुन्हा उपसायचं त्राण कुणात नव्हतं.

सकाळी साडेसातला ताई आल्या. आमच्या भागातला कचरा त्या आणि त्यांच्या जाऊबाई ढकलगाडीवरून नेतात, ‘स्वच्छ’ संस्थेच्या सभासद आहेत. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ ची; तिच्यातूनच ‘स्वच्छ’ उभी राहिली आणि २००८ पासून पालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली. सुका माल विकून येणारा पैसा त्या वेचणाऱ्याचा. म्हणून उष्ट्यात भिजलेला पुठ्ठा आपल्याला नुसता घाण वाटतो, ताईंना तो मोडलेला पैसा दिसतो. आदल्या रात्री आम्ही झाडू घेऊन फोटो काढले होते, ते सकाळपर्यंत सगळ्या ग्रुपांवर गेले होते. त्यांतल्या एकाही फोटोत ताई नव्हत्या. त्या रोज येतात, त्यामुळे कुणी काढत नाही.

आम्ही अभिमानानं बांधून ठेवलेली पोती त्यांनी एकेक सोडली आणि रस्त्यावर ताडपत्रीवर ओतली. मला जरा लागलं. ताडपत्री म्हणजे मागच्या निवडणुकीतला फ्लेक्स होता, उलटा अंथरलेला. त्यांचा हात मालात फिरतो तेव्हा डोळे बऱ्याचदा दुसरीकडेच असतात. पिशवी बोटांत चुरगाळायची, ताणायची, आवाज ऐकायचा. कुरकुरली तर वेगळ्या ढिगात, मऊ ताणली गेली तर वेगळ्या. बाटल्यांची बुचं त्या पिळून काढत होत्या. बाटलीचं प्लॅस्टिक पाण्यात बुडतं, बुचाचं तरंगतं, पुढे कारखान्यात चुरा झाल्यावर याच गुणावर दोन्ही वेगळे होतात. आमच्या ‘सुक्या’च्या एका पोत्यात त्यांना फराळाच्या खोक्यात बंद केलेली आख्खी भाजी सापडली. काही बोलल्या नाहीत, ओल्याकडे भिरकावली.

“बाटल्या कुणी आणल्या?” त्यांनी विचारलं. मी लेबलावरचा फोटो दाखवला. “बरं केलं,” त्या म्हणाल्या, “मला बऱ्या पडतात.” यावर मला काही सुचेना. पत्रावळी गेल्या तर त्यांचं ओझं कमी होतं, बाटल्या गेल्या तर कमाई. दोन्ही एकाच यादीत होत्या.

अर्ध्या तासानं गाडी भरली. निघताना त्यांनी पदराच्या टोकाची गाठ सोडली आणि दोन चमचे माझ्या हातावर ठेवले, पुसून घेतलेले.

“तिसरा बघितला, नाही घावला. हारांच्या पोत्यात होते हे.” मग गाडीचा दांडा उचलता उचलता म्हणाल्या, “काकू, शिऱ्याला कशाला हो लागतो चमचा?”