विश्लेषण : गोल्फ क्लबची ग्रिप कशी निवडावी? ती बदलायची कधी?

गोल्फच्या नियमांनुसार खेळाडूला एका फेरीत जास्तीत जास्त १४ क्लब, म्हणजे बोलीभाषेतल्या स्टिक, बाळगता येतात. नवा सेट घेताना चर्चा होते ती ड्रायव्हर कोणता आणि शाफ्ट स्टीलचा की ग्रॅफाइटचा याची. क्लबशी हाताचा संबंध मात्र एकाच ठिकाणी येतो, तो म्हणजे ग्रिपवर. मुंबई-पुण्याच्या पावसाळी, दमट हवेत गुळगुळीत ग्रिप महागड्या क्लबलाही निकामी करते.

ग्रिप घसरल्याने काय बिघडते?

ग्रिप म्हणजे शाफ्टच्या वरच्या टोकावर चढवलेले आवरण. ते गुळगुळीत झाले की क्लब निसटू नये म्हणून खेळाडू नकळत मूठ आवळतो. त्यामुळे मनगट आखडते, स्विंगचा वेग कमी होतो आणि चेंडूला भिडताना क्लबचा दर्शनी भाग वळू शकतो. चेंडूची दिशा सुरुवातीलाच २ अंशांनी चुकली, तर फिरकी जमेस न धरताही २०० यार्डांवर तो सुमारे ७ यार्ड बाजूला जातो. क्लब हातातून सुटलाच, तर जवळ उभ्या कॅडीला किंवा सहखेळाडूला गंभीर इजा होऊ शकते.

योग्य जाडी कशी ओळखावी?

ग्रिप साधारणपणे अंडरसाइज, स्टँडर्ड, मिडसाइज आणि जम्बो या मापांत मिळतात. स्टँडर्डपेक्षा मिडसाइजचा व्यास सुमारे १.६ मिलिमीटरने, तर जम्बोचा ३.२ मिलिमीटरने जास्त असतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याने डाव्या हातात क्लब धरून पाहावा. मधले बोट आणि अनामिका यांची टोके अंगठ्याखालच्या उंचवट्याला हलकेच टेकली, तर माप बरोबर आहे. बोटे तळव्यात रुतली तर ग्रिप बारीक आणि मध्ये फट राहिली तर जाड. दोन मापांच्या मध्ये अडकलेल्यांसाठी ग्रिपखाली टेपचे जादा थर देता येतात. बोटांचे सांधे दुखणाऱ्यांना जाड आणि मऊ ग्रिप सोयीची वाटते.

रबर, कॉर्ड की पॉलियुरेथेन?

साधी रबरी ग्रिप स्वस्त, टिकाऊ आणि बहुतेकांना पुरेशी असते. कॉर्ड ग्रिपमध्ये रबरात सुती धागा मिसळलेला असतो. ती ओल्या हातातही घसरत नाही. त्यामुळे पावसात खेळणाऱ्यांना किंवा तळव्यांना फार घाम येणाऱ्यांना ती उपयोगी, पण हाताला खरखरीत लागते. पॉलियुरेथेनची ग्रिप मऊ आणि चिकट पकड देणारी असते, मात्र ती तुलनेने लवकर झिजते.

नियम काय सांगतात?

पटर वगळता इतर क्लबच्या ग्रिपचा छेद गोलाकारच हवा. बोटे नेमकी ठेवण्यासाठी लांबीभर किंचित उंचावलेली एक सरळ रेघ चालते. पटरची ग्रिप चपटी असू शकते. मात्र कोणत्याही ग्रिपची जाडी ४४.४५ मिलिमीटरपेक्षा (१.७५ इंच) जास्त नको.

निगा कशी राखावी?

घाम, मातीचा आणि सनस्क्रीनचा थर हे ग्रिपचे मुख्य शत्रू. कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या लिक्विड सोपचे थेंब टाकून मऊ ब्रशने ग्रिप घासावी, ओल्या फडक्याने साबण पुसावा आणि ग्रिप सावलीत वाळवावी. पाणी शाफ्टमध्ये जाऊ देऊ नये. उन्हात तापलेल्या कारच्या डिकीत सेट ठेवल्यास रबर कडक होते. पावसात खेळून आल्यावर ओले क्लब बॅगेत तसेच ठेवू नयेत.

बदलण्याची वेळ कधी?

वर्षातून एकदा किंवा साधारण ४० फेऱ्यांनंतर ग्रिप बदलावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. धुऊनही चकाकी जात नसेल, भेगा पडल्या असतील किंवा अंगठ्याखाली खळगा झाला असेल, तर थांबू नये. कमी खेळणाऱ्यांच्या ग्रिपही कालांतराने कडक होतात. म्हणूनच सेकंडहँड सेट घेताना आधी ग्रिप तपासाव्यात आणि बदलण्याचा खर्च किमतीत धरावा.

बदलताना जुनी ग्रिप कापून काढतात, नवी दुहेरी चिकटपट्टी लावतात आणि त्यावर सॉल्व्हंट ओतून नवी ग्रिप सरकवतात. ग्रॅफाइट शाफ्टला ब्लेड लागल्यास तो कमकुवत होतो, त्यामुळे हे काम जाणकाराकडे सोपवणे बरे. फटके भरकटू लागले म्हणून नवा ड्रायव्हर घेण्याआधी जुन्याची ग्रिप पाहावी. अनेकदा कमी खर्चात काम भागते.