टोमॅटोचा क्रेट

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात भाव बोलला जातो तो क्रेटचा. एका क्रेटमध्ये साधारण २० किलो माल. जुलै २०२३ मध्ये इथं क्रेटनं दोन हजार रुपयांचा टप्पा ओलांडला होता. मंदीत त्याच क्रेटमधून तोडणीची मजुरीही सुटत नाही. अशा धंद्यात वाटेत चिरडलेला प्रत्येक किलो जाणवतो. म्हणून जुन्नर-आंबेगावच्या शेतांतून निघणारा हा साधा प्लॅस्टिकचा क्रेट आपण जरा नीट पाहू.

तोडलेला टोमॅटोही जिवंत असतो. तो श्वसन करतो, म्हणजे साखर आणि ऑक्सिजन वापरून कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि उष्णता बाहेर टाकतो. पिकताना तो एथिलीन वायूही सोडतो. फळाला मार बसला की श्वसन आणि एथिलीन दोन्ही वाढतात आणि शेजारची फळंही लवकर पिकू लागतात. (वर्गात पाहायचं असेल तर दोन कागदी पिशव्यांत एकेक कच्चं केळं ठेवा, एकीत सोबत पिकलेला टोमॅटो. रोज रंग नोंदवा.)

क्रेटच्या भोकांतून हवा खेळते, उष्णता साचत नाही. त्याहून मोठं काम वजनाचं. पाच क्रेट एकावर एक रचले की वरच्या चारांचा ८० किलोंहून अधिक भार सर्वांत खालच्या क्रेटच्या भिंती पेलतात, आतली फळं नाही. मात्र क्रेट शिगोशीग भरला, तर वरचा क्रेट थेट फळांवरच बसतो! लाकडी खोक्यांत खिळे आणि खडबडीत फळ्यांचा त्रास होता, तो इथं नाही. माल टिकला तरच व्यापारी दूरची पेठ धरू शकतो.

पण प्लॅस्टिक पर्यावरणाला पूरक कसं? आमच्या मते नुसता पदार्थ पाहून उत्तर देता येत नाही, फेऱ्या मोजाव्या लागतात. समजा, क्रेटचं वजन २ किलो आहे. ५० फेऱ्या झाल्या तर दर फेरीला ४० ग्रॅम प्लॅस्टिक खर्ची पडलं. दोन फेऱ्यांतच हरवला तर १ किलो. शिवाय रिकामे क्रेट परत आणायला डिझेल लागतं. एकात एक बसणारे क्रेट असतील तर ते वाचतं. परदेशी जाणारी द्राक्षं पुठ्ठ्याच्या खोक्यांत जातात, कारण तिथून खोकं परत येणार नसतं.

क्रेट धुवायचाही असतो. न धुतल्यास सडक्या फळावरच्या बुरशीचे बीजाणू पुढच्या मालाला लागतात. आणि क्रेट परत यावा म्हणून सर्वांत सोपा उपाय जुनाच आहे, सोड्याच्या बाटलीसारखी अनामत.